साळवेभाऊंची लोखंडी गोगलगाय

यशवंत साळवे यारीच्या दांडीवर हात ठेवला की डोळे मिटून घ्यायचे. यारी म्हणजे विहीर खोदताना खालचा दगडगोटा वर काढायची क्रेन. खाली साठ फुटांवर माणसं काम करताहेत, वर तारेला भरलेली जड बादली लोंबकळते आहे, आणि ती तार ज्याच्या हातात तो माणूस डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून उभा! महाळुंगे पडवळला आमच्या शेतात विहिरीचं काम निघालं तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, ते असं.

माझा थोरला भाऊ ओरडलाच, "अहो, झोपताय का काय?"

साळवे डोळे न उघडता म्हणाले, "पावणं, तार बोलती. डोळं उघडं ठिवलं की नीट ऐकू येत न्हाई."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बादली मध्येच थांबवली, खालच्या माणसांना कडेला सरकायला सांगितलं आणि बादली हळूहळू उतरवून टेकवली. "तारंचा एक पेड तुटलाय," म्हणाले. कोणाला काही दिसलं नव्हतं, काही ऐकूही आलं नव्हतं. तार सोडवून जमिनीवर पसरली, तर मधोमध एक पेड खरंच तुटून केसासारखा बाहेर आलेला. भावाने स्वतः त्यांना चहा नेऊन दिला.

त्या चहाच्या वेळी त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत हे माझ्या लक्षात आलं. मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं, "जहाजावर गेली. तार तुटली व्हती. तवापासनं ऐकायची सवय लागली."

साळवे पिंपरी पेंढारच्या बौद्धवस्तीतले. तरुणपणी मुंबईच्या गोदीत लागले, तिथून ठेकेदारामार्फत एका संशोधनाच्या जहाजावर गेले. समुद्राच्या तळाशी यंत्रं सोडायची आणि वर ओढून घ्यायची, त्या रहाटावर त्यांनी पंधरा-सोळा वर्षं काढली. बोटं गेल्यावर काम सुटलं आणि ते गावी येऊन विहिरींवर यारी चालवू लागले. "तिथं तीन हजार मीटर सोडायचो, हितं साठ फूट," असं ते म्हणायचे, पण त्यात कुरकुर नसायची. खोली मोजायची सवय मात्र सुटली नव्हती. कोणाच्याही विहिरीवर गेले की आधी वाकून बघायचे आणि तळाशी दाब किती असेल ते सांगायचे. विहिरीच्या मालकाला त्याचा काही उपयोग नसायचा.

मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यांची मुलगी पुष्पा माझ्याच वर्गात नववीला होती. हे कळल्यावर साळव्यांना फार आनंद झाला. "मंग तुमाला सांगायलाच पायजे, सर," म्हणाले, आणि तिथेच दगडाच्या ढिगावर बसून त्यांनी मला समुद्राचा तळ सांगितला.

तिथे उजेड अजिबात नाही. जमिनीला भेगा आहेत, त्या भेगांवर धुराड्यांसारखे उंच सुळके उभे आहेत आणि त्यांतून काळं पाणी धुरासारखं सतत वर येतं. "शिसं वितळंल इतकं कढत. पण उकळत न्हाई, सर. वरनं समुद्राचा दाब लई. उकळायला जागाच न्हाई त्याला." आणि त्या धुराड्यांना लगटून, वीतभर अंतरावर, पांढऱ्या कोळंब्यांची झुंबड. त्यांना डोळे नाहीत, पाठीवर नुसता एक चट्टा आहे, त्यानेच त्यांना अंधुक उजेड जाणवतो. आणि गोगलगायी. पायावर लोखंडाची खवलं असलेल्या गोगलगायी.

"लोखंडाची?" मी म्हणालो.

"जहाजावरच्या साहेबांनी चुंबक लावलं, तर चिकटली राव गोगलगाय!" साळवे स्वतःच हसले. "हवेत ठिवली तर गंजती, म्हनायचे. ते गंजल्यालं मी काय बघितलं न्हाई. पण चिकटल्याली बघितली."

आज मागे वळून पाहताना मला ते शेवटचं वाक्य टोचतं. साळव्यांच्या बोलण्यात ही काटेकोर वाटणी कायम असायची. हे जहाजावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, हे हातात घेतलं, हे साहेबांकडून ऐकलं, हे मला माहीत नाही. थापा मारणारा माणूस कधी 'माहीत नाही' म्हणत नाही. इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासून कोण कुठून उतरवतो ते ओळखणाऱ्या मला एवढं कळायला हवं होतं. मी मात्र त्या दिवशी भावाकडे बघून डोळा मिचकावला.

बेल्ह्याच्या बाजारात त्यांची ही हकिकत सगळ्यांना पाठ होती. बाजाराच्या दिवशी बैलांचे टेम्पो एका बाजूला लागायचे आणि आम्ही ओळखीचे लोक कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसायचो. साळवे आले की दुकानवाले बबनराव ओरडायचे, "या जहाजवाले! आज काय काढलं पाताळातनं?" मग कोणी तरी विचारायचं, "भाऊ, त्या गोगलगायीचा पत्रा मिळंल का गोठ्याला लावायला?" साळवेही हसायचे. "हसा राव, हसा. हाय ते हाय." बशीत चहा ओतायचे आणि ज्याने चेष्टा केली त्यालाच शांतपणे पुढचं सांगायचे. त्यांना राग येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

त्याच वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. पुष्पाने वडिलांच्या मदतीने एक मॉडेल केलं. पत्र्याच्या जुन्या टाकीत काळ्या मातीचे सुळके, त्यांतून वर येणारा काळा कापूस, बाजूला मेणाच्या पांढऱ्या कोळंब्या. गोगलगायी शाडूच्या होत्या आणि त्यांच्या पायांवर वर्कशॉपमधून आणलेला लोखंडाचा कीस एकेक करून चिकटवलेला होता. चिमट्याने चिकटवला असणार, इतकं ते नीट होतं. वर पाटी होती: 'सूर्याशिवाय जगणारे प्राणी'.

पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं की सर्व अन्नसाखळ्या सूर्यापासून सुरू होतात. हा धडा मी दर वर्षी शिकवत होतो. मी पुष्पाला आदल्या दिवशी म्हणालो, "पाटी बदल. हे चूक आहे." ती हळू आवाजात म्हणाली, "पण सर, बाबांनी बघितलंय." तिने पाटी बदलली नाही. मला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे परीक्षक, गावातली माणसं, पालक, सगळ्यांनी हॉल भरला होता. साळवे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मुलीच्या टेबलामागे उभे होते. परीक्षक आले, तसा मी त्यांच्याही आधी प्रश्न टाकला.

"तिथे सूर्यप्रकाश पोचत नाही. मग वनस्पती नाहीत. मग हे प्राणी खातात काय?"

पुष्पाने वडिलांकडे पाहिलं. साळवे म्हणाले, "त्या पाण्यात गंधक असतंय, सर. कुजक्या अंड्यासारखा वास मारतो, वर आणलं की जहाजभर व्हतो. त्याच्यावर बारीक जंतू जगत्यात. अन् जंतूंच्या जिवावर बाकीचे. गोगलगायीच्या तर पोटातच ऱ्हात्यात ते. साहेबांनी सांगितल्यालं."

"कोणत्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तक न्हाई माझ्याकडं." त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. अंगठ्याएवढा एक पेला होता, कडक, पांढरा. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'पुष्पा' लिहिलेलं होतं. "ह्यो चहाचा थर्माकोलचा कप हाय. हिचा जल्म झाला तवा मी जहाजावर व्हतो. नाव लिहून यंत्राला बांधला अन् खाली सोडला. वर आला तर येवढा."

लोक पुढे वाकून बघायला लागले. परीक्षकांनी हात पुढे केला. आणि मी म्हणालो, "थर्माकोल गरम केलं तरी आकसतं. चुलीजवळ धरलं तरी असा कप होतो."

हॉलमध्ये हशा पिकला. बबनराव मागून ओरडले, "वैनींच्या चुलीतलं पाताळ!" आणि पुन्हा हशा झाला.

साळवे थांबले. हशा ओसरेपर्यंत थांबले. मग फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "सर, चुलीवर आकसला तर वाकडातिकडा व्हतो. ह्यो बघा, समदीकडनं सारखा बारीक झालाय. अक्षरंसुदिक. पाण्याचा दाब समदीकडनं सारखा असतोय."

पाण्याचा दाब सर्व दिशांनी सारखा असतो. हा धडाही माझाच होता. त्याच महिन्यात मी तो त्याच वर्गाला शिकवला होता. मला ते ऐकू आलं, समजलंही, आणि मी परीक्षकांना घेऊन पुढच्या टेबलाकडे गेलो.

पुढच्या टेबलावर आमच्याच भावकीतल्या एका मुलाचं मॉडेल होतं. पुण्याहून तयार आणलेलं, वायर जोडली की लुकलुकणारं. मी त्याला काही विचारलं नाही. त्याचा पहिला नंबर आला.

पुष्पा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिने अकरावीला विज्ञान घेतलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "नको वाटलं, सर." मी आग्रह केला नाही. पुढे तिने कला शाखेतून पदवी घेतली, ग्रंथालयाचा अभ्यासक्रम केला आणि मंचरच्या बाजूला एका कॉलेजात ग्रंथालयात लागली.

त्यानंतर किती तरी वर्षांनी पुण्यात शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. दुपारच्या जेवणानंतरचं सत्र, अर्धे लोक पेंगत होते. समुद्रविज्ञानाच्या एक तरुण बाई आल्या आणि त्यांनी पडद्यावर एक फिल्म लावली. काळे सुळके. काळा धूर. पांढऱ्या कोळंब्यांची झुंबड, पाठीवर चट्टा. बाई सांगत होत्या की इथे सूर्याशिवाय जीवसृष्टी आहे, गंधकाच्या संयुगांवर जगणारे जिवाणू तिचा पाया आहेत, आणि ही गोष्ट शास्त्रज्ञांना कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. मग ती गोगलगाय आली. पायावर लोखंडी खवलं, एकावर एक बसवलेली, थेट पुष्पाने चिमट्याने बसवली होती तशी. शेवटी बाईंनी गंमत म्हणून पिशवीतून आकसलेले थर्माकोलचे कप काढून सगळ्यांकडे फिरवले. माझ्या शेजारच्या शिक्षकाने एक माझ्या हातात दिला. मी तो न बघताच पुढे दिला.

इथे मी लिहायला हवं की त्याच संध्याकाळी मी पिंपरी पेंढारला गेलो. मी गेलो नाही. आधी म्हटलं, सुट्टी लागू दे. मग म्हटलं, इतक्या जुन्या गोष्टीचं त्यांना काय. मग त्यांना यारीवर दोनदा लांबून पाहिलं आणि मोटारसायकल दुसऱ्या रस्त्याने घेतली. मी केलं ते एवढंच की वर्गात तो धडा आला तेव्हा 'सर्व अन्नसाखळ्या' म्हणायच्या ऐवजी 'बहुतेक सर्व अन्नसाखळ्या' म्हणालो. का, ते मुलांना सांगितलं नाही.

बेल्ह्याच्या बाजारात एकदा गाठ पडलीच. तेच दुकान, तीच माणसं. साळवे थकलेले दिसत होते, खोकत होते. बबनरावांनी विषय काढला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमी विज्ञानाचं. आज एकदा सांगूनच टाका. असतंय का असं काई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. साळवेही. मी चहात बघत म्हणालो, "असेलही. समुद्र मोठा आहे."

लोक हसले. साळव्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बघा, सर आता निम्म्या वाटंवर आलं." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी निवृत्त झालो त्या वर्षी कळलं की साळवे अंथरुणाला खिळले आहेत. छातीत विहिरींची दगडाची धूळ बसली होती. तेव्हा मी गेलो. ओसरीत बाजेवर पडले होते, उशाशी भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांची बायको आत गेली चहा ठेवायला. मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी आलो होतो. आणखी एक गोष्ट तिथे बसल्यावर माझ्या ध्यानात आली. वयाने ते माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठे होते, आणि मी त्यांना इतकी वर्षं नुसतं 'साळवे' म्हणत आलो होतो. आमच्या गावातल्या त्यांच्या वयाच्या यारीवाल्याला मी 'भाऊ' म्हणायचो.

"साळवेभाऊ," मी म्हणालो, "तुमचं सगळं खरं होतं. मला पुण्यात कळलं. चार वर्षं झाली."

ते छताकडे बघत थोडे हसले. "म्हाईत हाय मला, सर."

"कसं काय?"

"वस्तीतली पोरं तुमच्याच वर्गात असत्यात की. मी समद्यांना इचारायचो, सरांनी तो धडा कसा शिकवला. दर वर्षाला इचारायचो. मंग एका वर्षी पोरं म्हनली, सर 'बहुतेक' म्हनले." त्यांना खोकल्याची उबळ आली. ती शमल्यावर म्हणाले, "मी हिला म्हनलं, सरांना कळलं बरं का. आता येतील. आज येतील, उद्या येतील."

चार वर्षं ते वाट बघत होते. मी मान खाली घातली. मी काही तरी माफीचं बोलायला लागलो, तर त्यांनी तीन बोटांचा हात वर केला.

"माझं काई न्हाई, सर. मला काय, मी बघितल्यालं हाय. कोनी हसलं म्हनून ते गेलं थोडंच. पन पुष्पीनं बघितलं नव्हतं. तिला फक्त माझा शबूद व्हता. तो तुमी मोडला. तिच्याकडं जावा."

त्याच आठवड्यात मी पुष्पाच्या कॉलेजात गेलो. ग्रंथालयात ती एकटीच होती, पुस्तकांवर शिक्के मारत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सर, मला आधीच माहिती होतं," ती म्हणाली. "इथे नोकरीला लागले तेव्हा पहिलं पुस्तक मी तेच शोधलं. बाबांना नेऊन वाचून दाखवलं. प्रत्येक पानाला ते म्हणायचे, हां, बरोबर लिहिलंय."

मला हायसं वाटलं. ते तिला दिसलं असावं.

"एक विचारू, सर? रागावू नका. आमच्या मॉडेलला तुम्ही एवढे प्रश्न विचारले. ते चांगलंच होतं, विज्ञानात विचारायलाच पाहिजेत. पण शेजारच्या मॉडेलला तुम्ही एकही प्रश्न विचारला नाही. तो का नाही विचारला, तेवढं मला अजून कळलं नाही."

उत्तर मला येत होतं. तिलाही येत होतं. ते मी माझ्या तोंडाने म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा होती, आणि मला ते जमलं नाही. ती पुन्हा शिक्के मारायला लागली.

दोन महिन्यांनी साळवेभाऊ गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्तीतले लोक होते, आसपासच्या गावांतले विहिरीवाले होते, बेल्ह्याच्या दुकानातलीही सगळी मंडळी आली होती. त्रिशरण-पंचशील झाल्यावर लोक दोन-दोन शब्द बोलत होते. माणूस हसतमुख होता, कामाला चोख होता, असं चाललं होतं. मी हात वर केला.

मी सगळं सांगितलं. समुद्राच्या तळाशी काय आहे ते सांगितलं आणि ते साळवेभाऊंनी या तालुक्यात सगळ्यांच्या आधी, स्वतः पाहून सांगितलं होतं, हेही. थर्माकोलच्या कपाबद्दल मी काय बोललो ते सांगितलं. दाबाचं त्यांनी मला काय सांगितलं होतं आणि मी ते ऐकून कसा पुढे गेलो तेही. शेवटी पुष्पाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हणालो, "शेजारचा मुलगा आमच्यातला होता. म्हणून मी त्याला विचारलं नाही. आणि हे आमच्यातले नव्हते, म्हणून विचारत सुटलो." पुष्पा आईच्या शेजारी बसली होती, तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. त्या बघण्याचा अर्थ मी लावायचा प्रयत्न करत नाही.

कार्यक्रम संपल्यावर चपला शोधत असताना बबनराव माझ्याजवळ आले. ते म्हातारे झाले आहेत आता, दुकान मुलगा बघतो. डोळे पुसत होते. मला वाटलं, चांगलं बोललात म्हणतील.

"आता सांगता व्हय, सर?" ते म्हणाले. "आमी अडाणी मानसं. आमाला काय कळतंय समुद्रातलं? आमी तर तुमच्याकडं बघून हसत व्हतो."